नवे मूळ किती फुटेल?

पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकेतून आणलेले रोप तजेलदार असते. पाने हिरवीगार, खोड सरळ, उंची कमरेएवढी. खड्डा नीट घेतलेला असतो, शेणखत घातलेले असते, पाऊसही झालेला असतो. तरी पंधरा-वीस दिवसांत शेंडा मान टाकतो आणि महिनाभरात रोपाची काडी होते. शेजारच्या खड्ड्यातले, दिसायला किरकोळ असलेले रोप मात्र तग धरून पालवते. झाडे लावणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतो: एवढे चांगले रोप मेले कशाने?

उत्तर बहुतेक वेळा मुळांत सापडते. रोप आणले तेव्हा त्याला मुळे किती होती, हा त्यातला लहान भाग. लावल्यावर त्याने नवी मुळे किती काढली आणि किती लवकर काढली, यावर खरी मदार असते. ही ताकद रोप खड्ड्यात जाण्याआधी मोजता येते. वनशास्त्रात ती सत्तर वर्षांपासून मोजली जाते आहे. आपल्याकडे रोपे लावणाऱ्यांना ती फारशी माहीत नाही, याची मला खंत वाटते. मोजणीला महागडे यंत्र लागत नाही. कुंडी, वाळू, पट्टी आणि थोडे दिवस एवढ्यावर काम होते.

१. टाकी भरलेली, नळ यायचा आहे

एखादे कुटुंब नव्या घरात राहायला जाते. गच्चीवरची टाकी भरून ठेवलेली आहे, पण नगरपालिकेची नळजोडणी अजून व्हायची आहे. घरातला वापर तर पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. टाकी संपण्याआधी जोडणी झाली पाहिजे. लावलेल्या रोपाची अवस्था नेमकी हीच असते. पिशवीतल्या मातीच्या गोळ्यात जो ओलावा आहे, ती त्याची टाकी. पाने पहिल्या दिवसापासून हवेत बाष्प सोडत राहतात आणि गोळा सुकत जातो. गोळ्यापासून दोन बोटांवर खड्ड्यातली माती ओली असली, तरी ते पाणी आपण होऊन गोळ्यात फारसे सरकत नाही. नवे मूळ गोळ्याबाहेर पडून त्या मातीला भिडले, की जोडणी झाली.

थंड देशांतल्या अनेक रोपवाटिकांत रोपे पिशवीत नसतात. ती वाफ्यातून उपटतात, माती झटकतात आणि उघड्या मुळांनी लागवडीच्या जागी नेतात. उपटताना बारीक मुळे तुटून वाफ्यातच राहतात. अशा रोपाजवळ टाकीसुद्धा नसते. त्याला जगायचे तर नवी मुळे आणखी लवकर हवीत. मुळे मोजण्याचे शास्त्र पहिल्यांदा अशा उघड्या मुळांच्या रोपांवर उभे राहिले, ते यामुळेच.

नवे मूळ ओळखायचे कसे? ते पांढरे, मऊ आणि टोकाशी टवटवीत असते. टोकाच्या मागे बारीक मूलरोम असतात आणि ते मातीच्या कणांना चिकटतात. मूळ जुने झाले की त्यावर तपकिरी, बुचासारखे आवरण चढते. तपकिरी मुळेही थोडे पाणी घेतात. पण तेवढ्याच पृष्ठभागातून पांढरे मूळ कितीतरी जास्त पाणी आत घेते. म्हणून पुढे आपण जे मोजणार आहोत, ते मुख्यतः पांढरे.

२. उंची फसवते, हे कळले कसे

अमेरिकेच्या दक्षिण भागात, लुईझियाना राज्यातल्या बोगालुसा परिसरात, फिलिप वेकली हे वनसंशोधक १९२० च्या दशकापासून पाइनच्या लागवडीवर काम करत होते. तोडून उजाड झालेल्या जंगलांच्या जागी पुन्हा पाइन उभे करायचे होते. कोणते रोप लावायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी रोपांची प्रतवारी केली. उंची, बुंध्याची जाडी, सुयांसारख्या पानांची वाढ असे निकष त्यात होते. हे सगळे डोळ्यांनी दिसणारे गुण.

प्रतवारी उपयोगी होती, पण अधूनमधून ती सपशेल चुकायची. पहिल्या प्रतीची रोपे मरायची आणि खालच्या प्रतीची जगायची. एका वर्षी एका रोपवाटिकेची रोपे उत्तम निघायची, तर पुढच्या वर्षी दिसायला तशीच असलेली रोपे हात द्यायची नाहीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेकलींनी एक धाडसी सूचना केली. रोपाची आणखी एक प्रत असते, ती वरून दिसत नाही, ती रोपाच्या अंतर्गत स्थितीत असते, आणि लावल्यावर पाणी मिळवण्याच्या क्षमतेशी तिचा संबंध असावा.

वर्षानुवर्षे स्वतः केलेली प्रतवारी पुरेशी नाही, असे शास्त्रज्ञाने म्हणणे मला फार मोलाचे वाटते. वेकलींनी प्रश्न नेमका मांडला. पण ती अदृश्य प्रत मोजायची कशी, हे ठरायचे होते.

ते काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एडवर्ड स्टोन यांनी केले. १९५५ मध्ये त्यांनी लागवडीतल्या मरतुकीचा संबंध रोपांच्या शरीरस्थितीशी जोडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती सरळ होती. रोप मूळ काढू शकेल का, हे रोपालाच विचारायचे. त्याला सुखाच्या जागी लावायचे, थोडे दिवस थांबायचे, पुन्हा उपटायचे आणि नवी मुळे मोजायची.

३. चाचणी प्रत्यक्षात कशी करतात

रोपांच्या एका तुकडीतून काही रोपे उचलतात. तुकडी म्हणजे एकाच जातीची, एकाच बियाण्याची, एकाच वाफ्यात वाढलेली रोपे. पंधरा-वीस रोपे घेतली तरी चालते, पण ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली हवीत. हाताला येणारी चांगली रोपे उचलली, तर चाचणी सुरू होण्याआधीच बिघडली.

मग मुळे हळुवार धुतात. आधीचीच पांढरी टोके असली तर ती खुडतात, म्हणजे शेवटी जे पांढरे दिसेल ते सगळे नवे असेल. रोप कुंडीत लावतात, किंवा हवा सोडलेल्या पाण्याच्या टाकीत मुळे बुडवून ठेवतात. काही ठिकाणी बंद पेटीत मुळांवर सतत पाण्याचे धुके सोडतात. धुक्याच्या पेटीचा फायदा असा, की झाकण उघडले की मुळे दिसतात, माती धुवावी लागत नाही. कुंडीत मात्र मूळ मातीशीच झगडून वाढते, म्हणून तिथला आकडा जमिनीच्या थोडा जवळचा असतो.

सुरुवातीच्या काळात ही चाचणी साधारण चार आठवडे चालायची. रोपवाटिकेला एवढा वेळ कुठला? रोपे गाडीत चढून गेल्यावर निकाल हातात यायचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बर्डेट यांनी १९७९ मध्ये लॉजपोल पाइनसाठी सात दिवसांची चाचणी मांडली. खोली उबदार ठेवायची, दिवसा ३० आणि रात्री २५ अंश सेल्सियस, आणि उजेड रोज १६ तास. ऊब मिळाली की मुळे लवकर सुटतात. मोजणीचा त्रासही त्यांनी कमी केला. प्रत्येक मूळ पट्टीने मोजण्याऐवजी रोपाला ० ते ५ मधला एक अंक द्यायचा.

० म्हणजे एकही नवे मूळ नाही. १ म्हणजे नवी मुळे आहेत, पण एकही १ सेंटीमीटरपेक्षा लांब नाही. २ म्हणजे १ सेंटीमीटरपेक्षा लांब मुळे एक ते तीन. ३ म्हणजे चार ते दहा. ४ म्हणजे अकरा ते तीस. ५ म्हणजे तिसापेक्षा जास्त.

ही पट्टी पाहताच लक्षात येते, की पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ० आणि २ यांतला फरक दोन-तीन मुळांचा, तर ४ आणि ५ यांतला फरक वीस-तीस मुळांचाही असू शकतो. हे योग्यच आहे. पहिली दोन-तीन मुळे रोपाच्या जगण्या-मरण्याचा निकाल लावतात. तिसाचे पस्तीस झाल्याने तसे काही घडत नाही.

४. सरासरीत काय लपते

एक छोटे उदाहरण सोडवू. समजा दोन तुकड्यांतून प्रत्येकी दहा रोपे तपासली. पहिल्या तुकडीत दहाही रोपांना ३ अंक मिळाला. बेरीज ३०, सरासरी ३. दुसऱ्या तुकडीत सहा रोपांना ५ मिळाले आणि चार रोपांना ०. सहा पंचे तीस, म्हणजे बेरीज ३० आणि सरासरी पुन्हा ३.

कागदावर दोन्ही तुकड्या सारख्या. पण दुसऱ्या तुकडीत दहातली चार रोपे मुळे काढतच नाहीत. हजार रोपे नेली, तर साधारण चारशे खड्डे वाया जाण्याची भीती. शिवाय असा दुभंगलेला निकाल स्वतःच काही सांगत असतो. एकाच तुकडीत काही रोपे उत्तम आणि काही मेल्यासारखी असतील, तर त्यांतल्या काहींना मध्येच कुठेतरी इजा झाली असावी. एखादा वाफा पाण्यात राहिला असेल, एखादी पेटी उन्हात उघडी पडली असेल. म्हणून सरासरीआधी शून्ये मोजावीत, असे माझे ठाम मत आहे.

५. संख्या, घनफळ आणि लांबी

मुळांची संख्या सोपी, पण ती सगळे सांगत नाही. मग काही जण मुळांचे घनफळ मोजतात. ही रीत सुंदर आहे, कारण रोपाला तिच्यामुळे इजा होत नाही. वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवायचे आणि काटा शून्यावर आणायचा. धुतलेली मुळे बुंध्याच्या खुणेपर्यंत पाण्यात बुडवून रोप हाताने किंवा कड्याने लोंबते धरायचे, भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायचे नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे घन सेंटीमीटर मुळांचे घनफळ. आर्किमिडीजचाच नियम. मुळांनी बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन काट्यावर येते, आणि १ ग्रॅम पाणी जवळजवळ १ घन सेंटीमीटर जागा व्यापते. सुरुवातीला १४ आणि तीन आठवड्यांनी १९ आले, तर ५ घन सेंटीमीटर मूळ वाढले.

पण घनफळ जाड मुळांच्या बाजूने झुकते. १ सेंटीमीटर जाड आणि १० सेंटीमीटर लांब असे एक मूळ घ्या. त्याचे घनफळ सुमारे ८ घन सेंटीमीटर आणि पृष्ठभाग सुमारे ३१ चौरस सेंटीमीटर. आता तेवढ्याच घनफळाची मुळे १ मिलिमीटर जाडीची असतील, तर त्यांची एकूण लांबी भरते १० मीटर आणि पृष्ठभाग सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर. काट्यावर दोन्ही सारखी, पण पाणी शोषायला दहापट जागा. रोपाला तहान भागवायची असते, त्यामुळे बारीक मुळांची लांबी कळणे महत्त्वाचे.

गुंता झालेल्या बारीक मुळांची लांबी पट्टीने मोजणे म्हणजे डोळे फुटायची वेळ. यावर न्यूमन यांनी १९६६ मध्ये एक रीत मांडली आणि टेनंट यांनी १९७५ मध्ये ती आणखी सोपी केली. चौकटीच्या कागदावर काचेचे पसरट भांडे ठेवायचे, त्यात थोडे पाणी घालून मुळे विस्कटून पसरायची. मुळे कागदावरच्या उभ्या-आडव्या रेषांना किती वेळा छेदतात, ते फक्त मोजायचे. छेदांच्या संख्येला चौकटीच्या बाजूने गुणायचे आणि मग ११/१४ ने गुणायचे. चौकट १ सेंटीमीटरची आणि छेद २८० आले, तर लांबी २८० × ११/१४ = २२० सेंटीमीटर. हा ११/१४ आला कुठून? वर्तुळाच्या पायमधून. पाय म्हणजे २२/७ धरले, तर त्याचा चौथा भाग ११/१४ होतो. मुळे कशीही आडवीतिडवी पडली, तरी त्यांची लांबी आणि छेदांची संख्या यांचे गुणोत्तर सरासरीने ठरलेले राहते. शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावा इतका हा प्रयोग सोपा आहे. आता हेच काम स्कॅनर आणि संगणक मिनिटांत करतात.

६. ही क्षमता कशाने वाढते, कशाने जाते

स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉन्डेरोसा पाइन आणि डग्लस फरची रोपे वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत उपटून पाहिली. तेच वाफे, तेच बियाणे. तरी मुळे काढण्याची ताकद महिन्यागणिक बदलत होती. शरद ऋतूत ती कमी असायची, थंडी खाल्ल्यावर हिवाळ्यात वाढायची, आणि वसंतात कळ्या फुगू लागल्या की पुन्हा घसरायची. यावरूनच पश्चिम अमेरिकेतल्या रोपवाटिकांनी रोपे उपटण्याचे दिवस ठरवले. योग्य दिवसांत रोपे उपटायची, गोठणबिंदूच्या आसपास शीतगृहात ठेवायची आणि डोंगरावरचा बर्फ वितळला की लावायची.

दुसरा धडा हाताळणीचा. ब्रिटनमध्ये टॅबश यांनी १९८० च्या दशकात रोपांनी भरलेल्या पिशव्या मुद्दाम आपटून पाहिल्या. सिटका स्प्रूस आणि डग्लस फरची ती रोपे वरून धडधाकट दिसत होती, पण त्यांची नवी मुळे कमी फुटली. आपल्याकडे ट्रकमधून रोपे उतरवताना ती शेंड्याला धरून ओढतात, एकावर एक फेकतात. गोळा फुटला नाही म्हणजे रोपाला काही झाले नाही, असा समज आहे. गोळ्याच्या आत तुटलेली बारीक मुळे बाहेरून दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट अन्नाची. नवे मूळ काढायला साखर लागते. ती येते कुठून? ब्रिटिश कोलंबियातले व्हॅन डेन ड्रीश यांनी १९८७ मध्ये दाखवले, की डग्लस फरसारख्या सूचिपर्णी रोपांत नवी मुळे बहुतांशी त्याच दिवसांत पानांनी बनवलेल्या अन्नावर वाढतात. म्हणजे चाचणी अंधाऱ्या खोलीत केली, तर चांगले रोपही नापास होईल.

पण सगळी झाडे अशी नसतात. आपल्या सागाचेच पाहा. सागाची लागवड स्टंपने करतात. साधारण वर्षभराच्या, अंगठ्याएवढ्या जाड रोपाचा शेंडा कापून बुंध्यावर दोन-तीन सेंटीमीटरच ठेवतात, खाली वीतभर सोटमूळ राहू देतात आणि बाजूची मुळे छाटतात. पान एकही नाही, पांढरे मूळ एकही नाही. तरी पहारीने पाडलेल्या भोकात तो स्टंप घट्ट बसवला आणि पाऊस पडला, की त्याला कोंबही येतो आणि मुळेही. सारे अन्न सोटमुळात साठवलेले असते. अशा झाडाची ताकद पाहायची तर स्टंपची जाडी आणि ताजेपणा पाहावा लागतो. पानांचा तजेला तिथे कामाचा नाही.

७. या चाचणीला काय कळत नाही

चाचणी लोकप्रिय झाली तसे तिच्याकडून फार अपेक्षा होऊ लागल्या. आकडा मोठा म्हणजे लागवड यशस्वी, असे धरले जाऊ लागले. मग वाद झाला. १९९७ मध्ये सिम्पसन आणि रिची या दोघा अभ्यासकांनी, ही चाचणी शेतातले यश सांगते का, या प्रश्नावर दोन्ही बाजू मांडणारा निबंधच लिहिला.

मला त्यातून उमजलेली गोष्ट अशी. चाचणी ऊब, उजेड आणि भरपूर पाणी देऊन होते. शेतात तसे काही नसते. जमीन ओली, खोल आणि हवा दमट असेल, तर कमी मुळे काढणारे रोपही जगून जाते, म्हणून तिथे चाचणीचा आकडा आणि जगणूक यांचा मेळ दिसत नाही. जमीन मुरमाड आणि वारा कोरडा असेल, तिथे हा आकडा बोलू लागतो. आणि कितीही चांगले रोप असले, तरी लावल्यावर महिनाभर थेंब पडला नाही, तर कोणतीही चाचणी त्याला वाचवू शकत नाही. शून्य मात्र सगळीकडे शून्यच असते. सुखाच्या जागी ज्याने एकही मूळ काढले नाही, ते उघड्या माळावर काढील अशी आशा धरू नये.

आणखी एक मर्यादा आपल्या पिशव्यांमुळे येते. प्लास्टिकच्या पिशवीत रोप जास्त दिवस राहिले, की मुळे तळाशी जाऊन गोल फिरू लागतात. अशा रोपाची मूळवाढ मोजली, तर ती भरपूर येईल, पण ती त्याच वेटोळ्यात. चार-पाच वर्षांनी झाड वाऱ्याने कोलमडते, तेव्हा खाली मुळांची चुंबळ सापडते. म्हणून नवी मुळे किती हे मोजतानाच ती कोणत्या दिशेने निघाली, हेही लिहून ठेवावे. उभ्या कडांच्या, तळाशी उघड्या असलेल्या रूट ट्रेनरमध्ये मूळ खाली हवेत पोचले, की त्याचे टोक सुकते आणि वरून बाजूची मुळे फुटतात, त्यामुळे हा दोष बराच टळतो.

८. आपल्या पावसाळ्यासाठी

महाराष्ट्रात सरकारी मोहिमेत लावायच्या रोपांचे उद्दिष्ट २०१६ मध्ये २ कोटी होते, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. एवढ्या मोठ्या संख्येत रोपे लावायची, तर त्यांतली थोडी आधी तपासणे ही चैन म्हणता येणार नाही. आपला पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातो. त्यानंतर जवळजवळ आठ महिने कोरडे. रोपाला पहिल्या पंधरवड्यात गोळ्याबाहेर पडायचे असते आणि ऑक्टोबरचे ऊन येईपर्यंत खालच्या ओलाव्यापर्यंत पोचायचे असते. जुलैत पावसाने ओढ दिली, तर पहिली परीक्षा तिथेच होते.

एखाद्या गावाला, शाळेला किंवा रोपवाटिकेला मेच्या अखेरीस ही तपासणी करता येईल. तुकडीतून पंधरा-वीस रोपे न निवडता उचलावीत. पिशवी फाडून काढावी. गोळा न फोडता त्याच्या बाहेर डोकावणारी पांढरी टोके खुडावीत. धुतलेल्या वाळूने भरलेल्या मोठ्या कुंडीत गोळा मधोमध ठेवावा आणि चारही बाजूंनी वाळू भरावी. कुंड्या उजेडात पण दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवून रोज पाणी द्यावे. दोन आठवड्यांनी वाळू पाण्याने हलकेच धुऊन, गोळ्याबाहेर आलेली १ सेंटीमीटरपेक्षा लांब पांढरी मुळे मोजावीत.

बर्डेट यांचे अंक पाइनचे आहेत, ते कडुनिंबाला किंवा करंजाला जसेच्या तसे लावू नयेत. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन तुकड्यांची तुलना करण्यासाठी मात्र ते छान चालतात. ज्या तुकडीत शून्ये जास्त, ती त्या पावसात लावू नये. मोठ्या पिशवीत हलवून वर्षभर सावरू द्यावी किंवा सोडून द्यावी. मध्यम तुकडी ओढ्याकाठच्या, खोल मातीच्या जागेला द्यावी. माळाला आणि उताराला सर्वांत जास्त मुळे काढणारी तुकडी ठेवावी. आपल्याकडे बहुधा उलटे होते. उंच, देखणी रोपे रस्त्याकडेला आणि उरलीसुरली डोंगरावर.

लागवडीनंतर तीन आठवड्यांनी प्रत्येक तुकडीतली दोन-तीन रोपे मुद्दाम उकरावीत. तेवढी रोपे गमवावी लागली तरी चालेल. कुंडीत भरपूर मुळे काढणाऱ्या तुकडीने शेतात काहीच काढले नसेल, तर दोष जागेत, खड्ड्यात किंवा वाहतुकीत शोधावा. कुंडीतही कमी आणि शेतातही कमी असेल, तर रोपवाटिकेत जावे आणि रोपे किती दिवस पिशवीत होती, त्यांना पाणी किती मिळत होते, हे विचारावे. तारीख, जात, पिशवीचा आकार आणि दोन्ही मोजण्या एका वहीत शेजारी शेजारी लिहिल्या, तर पुढच्या मेमध्ये कोणत्या रोपवाटिकेची कोणती तुकडी घ्यायची, हे त्या वहीवरून ठरवता येते.